मामाचं मंगलाष्टक आणि अकोल्याचा गुडघा

मी पाचवीत होतो तेव्हा प्रार्थनेच्या वेळी आमचे गाण्याचे गुरुजी रांगांमधून फिरायचे. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी. घरात गॅस कुठून गळतोय हे शोधणारा माणूस जसा फिरतो, तसे. एके दिवशी ते माझ्यापाशी थांबले, वाकले, माझ्या तोंडाशी कान नेला, आणि त्यांचा शोध संपला. ते रागावले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, तू असं कर. नुसते ओठ हलव. आवाज काढू नको. बाकीचे पोट्टे हायेत ना, ते पाहून घेतील."

रागावले असते तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. पण मायेनं सांगितलेलं माणूस जन्मभर पाळतो. मी त्या दिवसापासून ओठ हलवतो आहे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नुसती उघडझाप केली तर माणूस माशासारखा दिसतो. लांब सुराला तोंड उघडं ठेवावं लागतं, वरच्या सुराला भुवया उचलाव्या लागतात, शेवटच्या ओळीला डोळे मिटावे लागतात. गणपतीच्या आरतीत मी टाळ्या इतक्या जोरात वाजवायचो की आवाज कशाचा येतोय याचा कोणाला पत्ता लागू नये. वाढदिवसाच्या केकपुढेही मी ओठच हलवले आहेत, स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसालासुद्धा. पुढे अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागलो, तर तिथल्या झेंडावंदनाच्या समूहगीतात साहेबांनी मला पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. कार्यक्रम झाल्यावर हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यामुळे बाकीच्यांना आधार मिळाला." मी नम्रपणे मान झुकवली. काय करणार, आवाज काढायची सवयच नव्हती.

अडचण एकच होती. मला गायचं होतं.

मोठा गवई वगैरे व्हायचं नव्हतं. चार माणसांत, मोठ्यानं, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायची, एवढंच. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं मनातलं नवीन काही सांगितलं, तर बायकोला आधी रक्तदाब तपासावासा वाटतो.

मग माझ्या भाचीचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा नांदगाव खंडेश्वरचा, दोघंही पुण्यात नोकरीला. आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवरीचा मामा लग्नात तिच्या मागे उभा राहतो, ते तर सगळीकडेच; पण आमच्याकडे शेवटचं मंगलाष्टक त्यानं स्वतः म्हणायचं असतं, आणि तेही स्वतः रचलेलं. माझ्या ताईच्या लग्नात आमच्या मामानं म्हटलं होतं. त्याचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा होता, पण तो बिनधास्त माणूस होता. आता ताईच्या मुलीचं लग्न, आणि ताईला भाऊ म्हणाल तर मी एकटा.

साक्षगंधाच्या जेवणात ताई माझ्या ताटात बुंदी वाढता वाढता म्हणाली, "मंगलाष्टकाचं टेन्शन घेऊ नको बरं. मी एक गायक ठरवून ठेवला. तुह्या वाट्याचंही तोच म्हणते. तू नुसता मागं उभा राहाजो."

"अन् ओठ हलवू?" मी विचारलं.

"हलव ना. फोटोत चांगलं दिसते."

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच माझी काळजी होती. गुरुजींचा हात पुन्हा खांद्यावर पडल्यासारखं झालं.

त्यानंतरच्याच आठवड्यात ऑफिसच्या कामानं अकोल्याला गेलो, तर बसच्या खिडकीतून एका घरावर पाटी दिसली: 'प्रौढांसाठी गायन वर्ग. आवाज नसला तरी चालेल.' दुसरं वाक्य वाचून मी उठून उभाच राहिलो. कंडक्टरनं विचारलं, "उतरता का?" मी उतरलो. माझा थांबा पुढे होता.

शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पेटीपुढे सतरंजीवर बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. "बसा भाऊ. म्हणा काही." मी म्हटलं. म्हणजे ओठ हलवले. बाईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग पंखा बंद केला. "आता म्हणा." पुन्हा तेच.

"भाऊ, तुमचा आवाज आत कुठी अडकून बसला काय?"

मी त्यांना पाचवीची हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकडं तोंड करा. भिंतीकडं. मी नाई असं समजा." मी भिंतीकडे वळलो. समोर बी-बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर सोयाबीनचं शेत. त्या सोयाबीनकडे पाहत मी 'सा' लावला. कितीतरी वर्षांनी. तो 'सा' होता असं बाई म्हणत नाहीत, पण काहीतरी बाहेर आलं हे त्यांनी मान्य केलं.

शिकवणीला अकोलाच का, तर अमरावतीत गुपित राहत नाही. राजकमल चौकात शिंकलं की बडनेऱ्याहून फोन येतो, सर्दी झाली का म्हणून. अकोल्यात मला कोणी ओळखत नव्हतं. दर रविवारी जायचं ठरलं. प्रश्न होता घरी काय सांगायचं. मी खूप विचार केला, आणि खूप विचार केल्यावर मला नेहमी जे सुचतं ते सुचलं, म्हणजे सगळ्यात वाईट.

"गुडघा दुखून राहिला," मी बायकोला सांगितलं. "अकोल्याले एक वैद्य हायेत. दर रविवारी बोलावलं."

आता गुडघा दुखतो म्हटलं की लंगडावं लागतं. घरात मी लंगडू लागलो. पहिले काही दिवस छान लंगडलो. मग एका सकाळी चहाचा कप घेऊन येत होतो, तर बायको पेपरातून मान वर करून म्हणाली, "काल डावा पाय होता ना?"

मी थांबलो. कोणता पाय चालू आहे हे मलाच पाहावं लागलं. "फिरतं दुखणं हाय," मी म्हणालो. "वैद्य म्हणे वाताचं हाय, जागा बदलते."

"मायबाई. म्हणजे खोलवर गेलं."

त्या दिवसापासून तिनं मला भाजी आणायला पाठवणं बंद केलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा अपराधी वाटत असताना मजाही वाटली.

रियाज कुठे करायचा हा दुसरा प्रश्न. घरी शक्य नव्हतं. छत्री तलावावर पहाटे गेलो, तर तिथे फिरायला येणारे इतके की माणसाला एकांत मिळायला शहरात परत यावं लागतं. शेवटी मी हेल्मेट घेतलं. स्कूटरवर बसलो, काच खाली केली की आत माझा स्वतंत्र दिवाणखाना. ऑफिसला जाताना 'सा रे', येताना मंगलाष्टक. आवाज आतल्या आत घुमायचा आणि मला वाटायचं आपण बरेच बरे गातो. पण आमच्या गावात हेल्मेट घालणारा माणूस तसाही संशयास्पद. पंचवटी चौकात सिग्नलला मी शेवटच्या ओळीचा वरचा सूर धरला होता, तेव्हा बाजूच्या मोटरसायकलवाल्यानं माझ्या काचेवर टकटक केलं.

"काका, दाढ दुखून राहिली का?"

"नाई."

"मग कण्हून काहून राहिले?"

सिग्नल सुटेपर्यंत मी कण्हलो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

इकडे मंगलाष्टक रचायचंही चाललं होतं. त्यात दोन्हीकडची गावं यावीत अशी माझी हौस. भाचीचं गाव अमरावती कसंबसं बसलं, पण नांदगाव खंडेश्वर काही केल्या वृत्तात मावेना. दारातून मोठं कपाट आत घ्यावं तसं मी ते आडवं, उभं, तिरपं करून पाहिलं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पोरीले दुसऱ्या गावचा पोरगा पाहता येत असन तर पाहा. नाईतर ओढून म्हणा. लग्नात कोण मोजते."

असे रविवार जात राहिले, आणि एका रविवारी खरंच जमलं. सोयाबीनच्या शेताकडे पाहत मी अख्खं मंगलाष्टक म्हटलं, आणि बाई पेटीवर फक्त "हं" म्हणाल्या. त्या आनंदात मी घरी आलो आणि दोन दोन पायऱ्या एकदम चढत गच्चीवर गेलो. बायको गच्चीत मिरच्या वाळवत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दोन्ही पाय ठणठणीत उभे होते.

"अवो, तुमी तर पळत आले."

"हो," मी म्हणालो. "वैद्याचा हात लागला ना."

हीच ती चूक. गुडघा दुखतो असं सांगणं ही साधी थाप झाली. आमच्या भागात गुडघा बरा झाला असं सांगणं ही फार मोठी जबाबदारी असते. इथे कोणी कोणाचं दुखणं ऐकून औषध न सांगता जाऊ देत नाही, आणि गुण आलेल्या वैद्याचा पत्ता दडवून ठेवणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारण्यासारखं आहे. बायकोनं ते दोन पायऱ्यांचं वर्णन त्याच संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं. ताईनं तिच्या सासूबाईंना सांगितलं. या आजी गेली कित्येक वर्षं गुडघ्यांवर एवढी औषधं चोळत आल्या आहेत की त्या खोलीत आल्या की आधी निलगिरी येते. त्यांचा स्वतः फोन आला.

"मामा, येत्या रविवारी मले अकोल्याले नेजा. पोरीच्या लग्नात मले उभं राहायचं हाय. खुर्चीवर बसून अक्षता नाई टाकत मी."

मी एक योजना केली. अकोल्यापर्यंत न्यायचं, दोन गल्ल्या फिरवायच्या, वैद्य आज नाहीत म्हणायचं, कचोरी खाऊ घालायची आणि परत आणायचं. बाईंना येत नाही असं कळवायला मात्र मी विसरलो.

रविवारी ताईच्या घरची गाडी घेतली. चालवायला मी, बाजूला बायको, मागे ताई आणि आजी. रस्ता दाखवायला माझा मोबाइल गाडीला जोडलेला. मूर्तिजापूर आलं तसं मी प्रस्तावना सुरू केली.

"आज रविवार हाय. वैद्य भेटतील का नाई, शंकाच हाय."

"तुमी तर रविवारीच जाता," बायको म्हणाली.

अकोला आलं. मी दोनाऐवजी पाच गल्ल्या फिरवल्या, एका बंद शटरपुढे गाडी थांबवून उतरलो, कुलूप हलवून पाहिलं आणि तोंड पाडून परत आलो. "गेलेले दिसतात."

"कुठी?" आजींनी विचारलं.

इथे "माहीत नाही" म्हणायचं होतं. पण मला थापेतही तपशील द्यायची वाईट खोड आहे. "बार्शीटाकळीले. त्याईची शेती हाय तिकडं."

"मग चाला ना बार्शीटाकळीले. किती दूर हाय."

निघालो. कोण्या वैद्याचं कोणतं शेत शोधायचं याचा विचार करत मी गाडी चालवत होतो, कचोरी तशीच राहिली होती, आणि गावाबाहेर पडलो तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'गुडघा वैद्य अकोला'. खबरदारी म्हणून मी बाईंचं नाव तसं साठवून ठेवलं होतं.

"थांबा, तुमी गाडी पाहा," बायको म्हणाली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

गाडीच्या सगळ्या स्पीकरांतून बाईंचा आवाज आला. "काय भाऊ, कुठी हाय तुमी? मी कवाची बसून हाय वाट पाहत."

फोन बंद करायला मी हात नेला, तो बायकोनं अडवला.

"मागच्या रविवारी एवढं चांगलं जमलं अन् आज दांडी? किती वेळा सांगितलं, पोट सैल सोडा, छाती मोकळी करा अन् लाजू नका. माह्यापुढं काय लाजता आता."

मागून आजी म्हणाल्या, "वैद्याचा आवाज बाईवानी हाय."

"बाईच हाय," बायको समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली.

"कोण बोलून राहिलं?" स्पीकरनं विचारलं.

"त्याईची बायको."

"बरं झालं बाप्पा, भेटल्या. तुमीच सांगा त्याईले. घरी अजिबात रियाज करत नाईत."

बायकोनं सावकाश मान माझ्याकडे वळवली. "कायचा रियाज?"

मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला एक संत्रीवाला बसला होता. त्यानं आशेनं आमच्याकडे पाहिलं, मग आमचे चेहरे पाहून संत्री पुसायला लागला.

"मी गाणं शिकून राहिलो," मी म्हणालो.

बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. तिनं बहुधा एका संकटाची मनात तयारी करून ठेवली होती, आणि आलं भलतंच. तिला सुटल्यासारखं वाटलं की आणखी वाईट वाटलं, हे विचारायची माझी आजतागायत हिंमत झालेली नाही.

"गाणं? तू?" ताई म्हणाली.

"अन् गुडघे?" आजी म्हणाल्या.

"गुडघे ठीक हायेत, आजी."

"तुमचे नाई हो. माहे."

एवढं झाल्यावर बाईंच्या घरी जाणं भागच होतं. स्पीकरनं तसं निमंत्रणच देऊन ठेवलं होतं, "आता आलेच हाय तर चहाले या." आम्ही चौघं दारात उभे राहिलो, तर बाई सतरंजीवरूनच म्हणाल्या, "या, या. उठत नाई, माफ करजा. गुडघे धरले हायेत माहे."

आजींचा चेहरा उजळला. त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पुढचा बराच वेळ दोघींनी एकमेकींना तेलं, लेप आणि शेक सांगितले. कोणीच बरं झालेलं नव्हतं, पण दोघींकडे माहिती भरपूर होती. माझी बायको चहा करायला आत गेली, ती बाईंच्या ओट्यावर जरा जोरात भांडी ठेवत होती. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता म्हणा भाऊ. घरचीच माणसं हायेत."

मी उभा राहिलो. सवयीनं भिंतीकडे वळलो. सोयाबीनचं शेत समोर होतं. बाईंनी सूर दिला. मी तोंड उघडलं, भुवया उचलल्या, शेवटच्या ओळीला डोळे मिटले. खोलीत पेटीखेरीज कसलाही आवाज झाला नाही. पाठीमागे तीन बायका बसल्या होत्या आणि त्या माझ्या पाठीला दिसत होत्या.

बाईंनी भाता बंद केला. "भिंतीपुढं एकटे चांगले म्हणतात हो," त्या माझ्या वतीनं म्हणाल्या.

"लग्नात भिंत कुठून आणावी," आजी म्हणाल्या. त्याही चेष्टा करत नव्हत्या. त्या खरंच विचार करत होत्या.

परतताना मूर्तिजापूर गेल्यावर ताई मागून हळूच म्हणाली, "हे पाह्य. तो गायक राहू दे. तुले त्या टायमाले जमलं तर तू म्हण. नाई जमलं तर तो हायच. पाहून घेईन तो."

पाहून घेईन. गुरुजीही हेच म्हणाले होते. मला जन्मभर मायाळू माणसं भेटत आली आणि त्यांनी मायेनं माझा आवाज पाहून घेतला. "नाई," मी म्हणालो. "त्याले माह्या कडव्याचं सांगूनच देऊ नको. मीच म्हणीन."

"अन् आवाज नाई निघाला तर?"

"तर शेवटचं मंगलाष्टक होणार नाई."

"माही पोरगी काय तशीच उभी राहीन काय रे अंतरपाटाच्या मागं?"

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पण गाडीत तीन बायकांपुढे बोललेलं मागे घेता येत नाही. बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "म्हणतील ते," ती ताईला म्हणाली. "एवढी लंगडायची मेहनत केली." हे तिनं माझ्या बाजूनं म्हटलं की विरुद्ध, ते कळलं नाही. मी बाजूनं धरलं.

लग्न भर दुपारचं, अमरावतीतल्या एका लॉनवर. मुहूर्त साडेबाराचा होता, म्हणजे आमच्याकडे नवरदेव मांडवात कधी येतो हे त्याच्या मित्रांच्या नाचण्यावर अवलंबून. मी सकाळपासून पाणी पीत होतो. नवरदेवाच्या मामाचीही ओळख झाली. धिप्पाड, पांढरा फेटा, नांदगावचे. माझा हात दाबून म्हणाले, "तुमच्या नंतर मी म्हणीन म्हणतो एक. आमच्याकडून बी पाहिजे ना." त्यांच्या आवाजानं माझ्या हातातला ग्लास थरथरला.

अंतरपाट धरला गेला. भाची पाटावर उभी, हातात हार, आणि तिच्या मागे अगदी टेकून मी. तिच्या पलीकडे पांढरं कापड, कापडापलीकडे नवरदेवाचा फेटा. डाव्या हाताला अख्खं लॉन, माणसांनी भरलेलं, सगळ्यांच्या मुठीत अक्षतांची रंगीत ज्वारी. आजी पहिल्या रांगेत होत्या, उभ्या. ठरवलेला गायक एकामागून एक मंगलाष्टकं गोड म्हणत होता आणि प्रत्येक 'सावधान'ला ज्वारीचा सडा पडत होता. मग त्यानं माइक माझ्या हातात दिला आणि खाली उतरून पाणीही न पिता सरळ जेवणाच्या मांडवाकडे गेला. माझी शेवटची सोय वरणाकडे निघून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मी सुरुवात केली. तोंड उघडलं, भुवया उचलल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ. लॉनवर शांतता.

"आवाज नाई येऊन राहिला," मागून कोणीतरी म्हणालं.

"माइक बंद हाय त्यो."

साउंडवाला धावत आला. माइक हातात घेऊन त्यावर ठकठक केलं, ते अख्ख्या लॉनवर ऐकू गेलं. त्यानं माझ्याकडे गोंधळून पाहिलं, दुसरा माइक दिला, परत गेला, आणि खात्री म्हणून सगळी बटणं शेवटपर्यंत वर ढकलली. मी पुन्हा पहिली ओळ घेतली. ओठ अप्रतिम हलत होते. फोटोवाला पुढे येऊन माझे फोटो काढत होता. भटजींनी घड्याळ पाहिलं. ताई मांडवाच्या कडेला उभी होती, तिनं हात जोडलेले होते, माझ्याकडे बघून की देवाकडे कोण जाणे.

तेव्हा भाची मागे न वळता, अगदी हळू म्हणाली, "मामा."

"काय?" मी माइक खाली करून विचारलं.

"तुमी म्हणूनच नाई राहिले."

"तुले कसं माहीत?"

"तुमचा श्वास माह्या मानेवर येऊन राहिला. नुसताच श्वास. रडून राहिले का?"

"नाई."

"भेव वाटते का?"

"हो."

"मलेही वाटून राहिलं," ती म्हणाली. "लय. तुमी म्हणा ना काही. नाईतर मी रडीन, अन् मग मेकअपवाली मले मारीन."

मी तिच्या अंबाड्यातल्या मोगऱ्याकडे पाहत होतो. त्या मोगऱ्यापलीकडे पोरगी कापत होती, गजऱ्याच्या कळ्या हलत होत्या. लॉन, माणसं, पाचवीतले गुरुजी, कोणाचंच मला काही वाटेनासं झालं; हिला कोणीतरी काहीतरी म्हणून दाखवायला हवं होतं आणि तिच्या सगळ्यात जवळ मी होतो. मी माइक वर घेतला, तोंड उघडलं आणि आवाज आला.

साउंडवाल्यानं सगळं शेवटपर्यंत वर ढकललेलं होतं, हे मी आधी सांगितलंच. पहिल्या अक्षराला स्पीकर किंचाळले, झाडावरचे कावळे उडाले, पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं. कोण्या परक्या माणसाचा घोगरा, जाड, जरा नाकातला आवाज अमरावतीच्या आभाळात घुमत होता आणि तो माझा होता. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. दुसऱ्या ओळीत सूर सुटला, मी तो तसाच ओढत तिसरीत नेला. तिसरीत नांदगाव खंडेश्वर होतं. ते मी बाईंनी सांगितलं तसं ताणलं, इतकं ताणलं की मधे श्वास घ्यावा लागला, आणि गावाचं नाव ऐकताच पलीकडच्या सगळ्या पाहुण्यांनी अशी शिट्टी मारली की भटजींनी 'सावधान' समजून अंतरपाट थोडा खाली केला. नवरदेवानं डोकावून पाहिलं. पुन्हा वर धरला. चौथी ओळ मी वरच्या सुरात घेतली. तो सूर लागला. खरंच लागला, बाईंना विचारा. आजींनी त्यांना लग्नाला बोलावलं होतं; त्या खुर्चीवर बसून होत्या, आजींच्या बाजूला.

सावधान. ज्वारी आमच्यावर कोसळली, काही माझ्या उघड्या तोंडात गेली. भाचीची मान आता कापत नव्हती. खांदे मात्र हलत होते, आणि ती हसत होती हे मला मागून कळलं.

खरं तर इथे माइक द्यायचा होता. नांदगावचे मामा पांढरा फेटा सावरत पुढे आले होते. पण माझ्या छातीत अजून इतका आवाज शिल्लक होता आणि तो मला पहिल्यांदाच भेटत होता. दुसरं कडवं मी रचलेलं नव्हतं. तरी मी आजींपासून सुरुवात केली, अमरावती घेतली, मग अकोला घेतलं, बार्शीटाकळीही बसवली.

"मामा," भाची म्हणाली, "हार जड हाय."

"एकच," मी म्हणालो.

"मामा, हात गळून राहिले."

नांदगावच्या मामांनी माइकसाठी हात पुढे केला. मी तो हात पाहिला, डोळे मिटले आणि पुढचं कडवं सुरू केलं.